अर्ध्या इंचाची नळी : एक दुरुस्ती

१/
आजचा धागा ही एक दुरुस्ती आहे. गाडीची आणि माझ्या लिखाणाचीही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या जुन्या ॲम्बेसेडरविषयी मी येथेच लिहिले होते. त्यातील एक निष्कर्ष चुकीचा होता. तो बऱ्याच जणांनी कौतुकाने पुढे पाठवला, तेव्हा चूक मान्य करण्याची जागाही हीच. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
आमचे गाव जाम, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग येथून पुढे हिंगणघाटकडे जातो आणि चंद्रपूरचा रस्ता येथेच त्याला फुटतो. वाराणसी ते कन्याकुमारी असा हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७. २०१०च्या फेररचनेत त्याच्या या भागाचा क्रमांक ४४ झाला, तरी म्हातारी माणसे अजून ‘सात नंबर’च म्हणतात. या चौरस्त्यावर माझे आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, ॲम्बेसेडर भाड्याने चालवत.

३/
गाडी मार्क २. कागदपत्रांप्रमाणे पहिली नोंदणी १९७४ची, मध्य प्रदेशातील. आबाजींनी ती १९८६मध्ये जुनी म्हणून घेतली आणि २००३पर्यंत चालवली. त्यानंतर ती वीस वर्षे गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला उभी होती. आबाजी गेल्यावर ती भंगारात द्यायची की ठेवायची, हा घरात दर दिवाळीला निघणारा विषय झाला.

४/
२०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात जपलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. २०२४मध्ये आमच्या गाडीला पन्नास पूर्ण झाली. ती पुन्हा चालू करण्याचे मी मनावर घेतले आणि ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द तेव्हापासून डोक्यात बसले.

५/
बोनेट उघडल्यावर मला एक विचित्र गोष्ट दिसली. इंजिनाच्या मागच्या टोकाला पितळेचा एक लहान नळ होता. त्याची तोटी तांब्याच्या तारेने तीन वेढे देऊन बंद स्थितीत पक्की बांधलेली. त्या नळातून निघालेली अर्ध्या इंचाची रबरी नळी केबिनमधल्या हीटरकडे जायला हवी होती. ती मध्येच वळून परतीच्या पाइपाला जोडलेली होती. हीटर पाण्याच्या वाटेतून पूर्णपणे बाद केलेला होता.

६/
यावरून मी गेल्या वर्षी लिहिले : ‘इंग्लंडच्या थंडीसाठी आखलेल्या यंत्रातील अनावश्यक अवयव वैदर्भीय कारागिराने छाटला. वसाहती रचनेचे हे देशीकरण होय.’ वाक्य टाळ्या घेणारे होते. पुराव्यादाखल माझ्याकडे फक्त ती वळवलेली नळी होती. ती नळी तिथे का आली, हे मी कुणालाही विचारले नव्हते.

७/
चूक समजण्यासाठी आधी पाण्याची वाट समजून घेऊ. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा अशा इंजिनात चाकांच्या कामी येतो. उरलेली काही सायलेन्सरवाटे जाते आणि काही इंजिनाच्या लोखंडात उतरते. ती काढून घेतली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. ती काढण्याचे काम पाणी करते.

८/
मोटारीचा इतिहास या पाण्याचाही इतिहास आहे. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याने तयार केलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला नेली, तेव्हा त्या गाडीला रेडिएटरच नव्हता. पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत वारंवार भरावे लागे. रेडिएटरचे आजचे रूप १९०१च्या मर्सिडीजपासून ओळखीचे झाले. विल्हेल्म माइबाख यांनी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्यात बसवली होती. पुढे फोर्डच्या मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत तर पंपही नव्हता : गरम पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले खाली उतरे आणि चक्र आपोआप चाले.

९/
ॲम्बेसेडरमध्ये पंप आहे. तो रेडिएटरच्या तळातून निवलेले पाणी ओढतो आणि इंजिनात ढकलतो. पाणी सिलिंडरांभोवती फिरते, वर हेडमध्ये चढते आणि पुढच्या बाजूच्या थर्मोस्टॅटपाशी येते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट वाट अडवून धरतो. पाणी पुरेसे तापले की उघडतो आणि ते रेडिएटरकडे सोडतो. ही झाली मोठी वाट.

१०/
हीटरची वाट लहान आणि वेगळी. हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या नळातून गरम पाणी रबरी नळीने केबिनमध्ये जाते. तेथे वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. पंखा त्याच्यावरून हवा फेकतो आणि ती हवा पायांना ऊब देते. निवलेले पाणी परतीच्या पाइपाने पंपाच्या ओढीच्या बाजूला येऊन मिळते. एका बाजूला पंपाचा दाब, दुसऱ्या बाजूला ओढ. या फरकावर ही वाट वाहती राहते. नळ बंद केला की थांबते.

११/
आता ‘मूळ’ या शब्दाकडे येऊ. ॲम्बेसेडर म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या गाडीचे भारतीय रूप. ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने बनवली आणि उत्पादन २०१४मध्ये थांबले. १९५०च्या दशकात खुद्द इंग्लंडमध्येही अनेक गाड्यांना हीटर जादा पैसे भरून घ्यावा लागे. म्हणजे ज्याला मी ‘थंड देशाचा मूळ अवयव’ म्हटले, तो त्या थंड देशातही अनेकदा वरून बसवलेलाच असे.

१२/
आमच्या गाडीला हीटर पहिल्या मालकाने बसवून घेतला असावा. आबाजी सांगत की गाडी पचमढीच्या बाजूने आली. सातपुड्यातल्या त्या थंड हवेच्या ठिकाणी हिवाळ्याच्या पहाटे हीटर लावावासा वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा ‘मूळ’ गाडी कोणती धरायची? काउलीच्या नकाशातली, उत्तरपाड्याहून निघालेली, पचमढीकडची, की जामची?

१३/
थोडे इनटेक मॅनिफोल्डविषयीही सांगायला हवे, कारण तिथेही माझा गोंधळ होता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना भोवतीची उष्णता शोषली जाते. दमट, गारठ्याच्या हवेत तिथे चक्क बर्फ धरू शकतो. त्यासाठी बाहेर शून्य अंश तापमान असण्याचीही गरज नाही. म्हणून मिश्रण जिथून आत जाते ती वाट उबदार ठेवण्याचे नाना उपाय निघाले.

१४/
ॲम्बेसेडरमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला एकमेकांना चिकटून आहेत. धुराची उष्णताच वरच्या वाटेला ऊब देते. महिंद्राने भारतात बनवलेल्या सीजे-३बी जीपच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली होती. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मध्ये इंजिनाचे गरम पाणीच मॅनिफोल्डमधून फिरवले गेले. म्हणून मारुतीत मॅनिफोल्डच्या पाण्याच्या नळ्या सापडतात, ॲम्बेसेडरमध्ये नाहीत. मी सुरुवातीला त्या शोधत बसले होते आणि त्या ‘कुणीतरी काढून टाकल्या’ असेही टिपून ठेवले होते. सुदैवाने ते छापले नाही.

१५/
विदर्भातील अडचण नेमकी उलटी होती. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की पेट्रोलची वाफ पंपातच होई आणि गाडी बंद पडे. त्यावर ॲम्बेसेडरच्या चालकांचा ठरलेला उपाय म्हणजे पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळणे. आमच्या गाडीच्या पंपावर अजूनही सुतळीने बांधलेला धोतराचा तुकडा आहे. ते फडके आणि ती वळवलेली नळी मी एकाच माळेत ओवली. उन्हाळा हेच दोन्हींचे कारण, असे मला वाटले.

१६/
आबाजींची गाडी सांभाळणारे मिस्त्री आता सत्तरीपुढे आहेत. या फेब्रुवारीत त्यांना गोठ्यात आणले. रबर दाबले की भेगा पडत होत्या, तेव्हा सगळ्या नळ्या बदलणे भागच होते. मी त्यांना माझा सिद्धान्त ऐकवला. ते नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हीटर बिनकामाचा नोयता, पोरी. उन्हाळ्यातच तर तो कामी ये. गाडीनं हीट पकडली का तुहे आबा हीटर खोलत. दुसरा रेडिएटर होता समज.”

१७/
हे ऐकून मी थबकले, कारण त्यात शंभर टक्के तथ्य होते. तापलेल्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला जितका पृष्ठभाग मिळेल तितका बरा. हीटरही एक रेडिएटरच. फरक इतकाच की त्याची उष्णता माणसांच्या अंगावर येते. चढावर, भरल्या गाडीत, काटा लाल खुणेकडे सरकला की जाणते चालक काचा खाली करून हीटर पूर्ण सोडतात. ज्या अवयवाला मी विदर्भात निरुपयोगी ठरवले, तो विदर्भाच्या उन्हाळ्यात इंजिन वाचवत होता. माझे ‘देशीकरण’ तिथेच कोसळले.

१८/
“मग तो बंद का केला?” मी विचारले. मिस्त्री नळ्या मोजत होते. मान वर न करता म्हणाले, “थे तुह्या आत्याले इचार. म्या फक्त नळी जोडली.”

१९/
आत्या हिंगणघाटला असते. तिच्या उजव्या पायावर, नडगीपासून घोट्यापर्यंत, चकाकणारी ताणलेली कातडी आहे. लहानपणी विचारले की ती “चुलीवरचं पाणी सांडलं” म्हणे. मी ते कधी पडताळून पाहिले नाही. घरातल्या माणसाला कोण पडताळून पाहतो?

२०/
१९९०चा मे. आत्या नऊ वर्षांची. दुपारी आजीच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. आबाजींनी तिला मागच्या सीटवर निजवले, शेजारची बाई सोबत घेतली आणि गाडी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे काढली. आत्या पुढच्या सलग सीटवर, आबाजींच्या शेजारी बसली. निम्म्या वाटेत काटा चढला. थांबून इंजिन निवू द्यायला किमान अर्धा तास लागला असता. आबाजींनी एकदा मागे पाहिले आणि हीटर सोडला.

२१/
“चुलीत पाय घातल्यासारखं होत होतं,” आत्या म्हणाली. “पण आई कण्हत होती, म्हणून मी काही बोलले नाही.” काटा जरा खाली आला. आणखी काही अंतर गेल्यावर हीटरच्या आतल्या जाळीची जुनी शिवण उकलली आणि उकळते पाणी तिच्या पायावर पडले.

२२/
डिक्कीत रेडिएटरसाठी पाण्याने भरलेला पत्र्याचा डबा असे. आबाजींनी गाडी कडेला घेतली आणि तो सगळा डबा हळूहळू तिच्या पायावर ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. इंजिनाला पाणी उरले नाही. त्यांना ते ठाऊक होते. एका ट्रकचालकाने चौघांनाही सेवाग्रामला पोचवले. आजीची त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ती एकवीस वर्षे जगली. ॲम्बेसेडर रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

२३/
दुसऱ्या दिवशी मिस्त्री एसटीने तिथे गेले. पिशवीत अर्ध्या इंचाची नळी आणि दोन क्लिपा. फुटलेली जाळी वाटेतून काढून त्यांनी नळी परतीच्या पाइपाला वळवली, पाणी भरले आणि गाडी जामला आणली. तार मात्र त्यांनी बांधलेली नव्हती. ती नंतर आबाजींनी स्वतः पिळली. नवी जाळी नागपुरात मिळत होती. पैसे आल्यावरही त्यांनी ती आणली नाही. पुढची तेरा वर्षे काटा चढला की ते गाडी बाजूला घेत आणि थांबत. गिऱ्हाईक चिडले तरी थांबत.

२४/
एका नळीची तीन कारणे माझ्यापुढे आली. पहिले माझे, पुस्तकी आणि सुबक. दुसरे कारागिराचे, यंत्राच्या दृष्टीने अचूक. पण ते हीटर का होता हे सांगते, का गेला हे सांगत नाही. तिसरे आत्याचे. नळीने मला फक्त काय झाले ते सांगितले होते. का झाले, हे मी तिच्या तोंडी घातले. वर्गात हा दोष मी इतरांच्या प्रबंधांत चटकन ओळखते.

२५/
आता प्रश्न उरला गाडीचा. जुन्या गाड्यांची आवड असलेल्या एका मित्राने मला चालू अवस्थेतील हीटरची जाळी देऊ केली. म्हणाला, “आता तरी गाडी मूळ रूपात आण.” नियम चासी, बॉडी, इंजिन यांविषयी बोलतो, वीतभर रबराची तो विचारपूस करत नाही. म्हणजे हा निर्णय कायद्याने माझ्यावरच सोडला होता. मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “त्या हीटरचं नाव नको काढू.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण तुला बसवायचाच असेल तर मी मागे बसेन.”

२६/
नवी नळी मिस्त्रींनी जुन्याच वाटेने वळवली. जुने रबर टिकणारे नव्हते. टिकवता आली ती फक्त वाट. क्लिपा नव्या, पाण्याऐवजी कूलंट नवे. तांब्याची तार पाणी भरताना एकदा सोडावी लागली, कारण नळ बंद ठेवला तर मागच्या टोकाला हवा अडकून राहण्याचा धोका असतो. हवा निघून गेल्यावर मिस्त्रींनी पक्कड माझ्या हातात दिली. तार मी पिळली. तीन वेढे.

२७/
ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक सूचना. रबरी नळी बाहेरून काळीभोर दिसली तरी आतून कुजलेली असू शकते; दाबून पाहा, वाकवून भेगा पाहा, आणि हीटरची जाळी तपासल्याशिवाय त्यात गरम पाणी सोडू नका. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वरही द्रवच असते. झाकण सैल झाले की ते एका क्षणात उकळून अंगावर येते.

२८/
मार्चमध्ये गाडी सुरू झाली. आम्ही ती चौरस्त्यापर्यंत नेली आणि परत आणली. काटा मध्यावर होता. आत्या आली होती. ती पुढच्या सीटवर बसली आणि बसताना तिने पाय जरा आखडून घेतले. ते तिच्या लक्षातही आले नसावे.

२९/
गेल्या वर्षीचा धागा मी काढलेला नाही. त्याच्याखाली या धाग्याचा दुवा देत आहे, म्हणजे चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी राहतील. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, शिवणयंत्र, रेडिओ, पाण्याचा पंप, आणि त्यात कुणीतरी केलेला एखादा विचित्र जुगाड असेल, तर त्यावर माझ्यासारखा सिद्धान्त मांडण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला एकदा विचारा. उत्तर मिळाले आणि ते सांगण्याजोगे असले, तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.